दगड केवढा होता?

आत्या,

आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. अर्ध्या भांडणातून उठून जायची तुझी पद्धत नव्हती. भाजी करपली, दारात पाहुणा ताटकळला, तरी मुद्दा संपल्याशिवाय तू जागची हलायची नाहीस. या वेळी मात्र गेलीस, आणि तेही एका उभयान्वयी अव्ययावर.

शोकसभेत लोक तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले. एका वक्त्याने 'बाई शांत स्वभावाच्या होत्या' असं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेत तुझ्या जुन्या विद्यार्थिनी एकमेकींकडे बघून हसल्या. नकाशात पैनगंगा उलटी वाहवली म्हणून तू ज्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतंस, त्या या बायका. मीही हसले. तू कुठे जन्मलीस, किती वर्षं शिकवलंस, हे ज्यांना हवं त्यांनी त्या भाषणांतून घ्यावं. मला तुझ्याशी 'पण' या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इतरांच्या घरी भिंतीवर फळांचे तक्ते असायचे. आपल्या घरी तू आणि बाबांनी मिळून काढलेल्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. पिवळे, गुलाबी, पोपटी. 'साप चावला तर आधी दवाखाना.' 'ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तर फक्त भाजी चिरली जाते.' मी जोडाक्षरं 'अंधश्रद्धा' या शब्दावर शिकले. उरलेल्या पत्रकांवर चिवडा खाल्ला, पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. त्यामुळे लिहायला लागले तेव्हा माझं लिहिणंही पत्रकासारखंच झालं. आखूड, ठाम, आणि शेवटी उद्गारचिन्ह. तू माझी उद्गारचिन्हं मेथी खुडावी तशी खुडायचीस. "इतकं ओरडून सांगितलं त माणूस कान झाकते," म्हणायचीस.

आपल्या शेवटच्या पत्रकाची सुरुवात एका चुकीतून झाली, आणि ती चूक फक्त आपल्याच मुलखात होऊ शकते.

मे महिना होता. तुझ्या गावातल्या मोबाइलवर एक संदेश फिरला: सावधान, आकाशातून प्रचंड उल्का येत आहे, महालाट येणार, बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांना घरी बोलावून घ्या, पुढे पाठवा. दुसरीकडे कुठे लोक घाबरले असतील. डोणगावात कोणी घाबरलं नाही. डोणगावात लाट म्हटलं की उन्हाची. उल्का म्हणजे आगीचा गोळा, म्हणजे लाटही उन्हाचीच, इतका सरळ विचार. लोकांनी कूलरचं गवत बदललं, माठ भरून ठेवले. तुझ्या घराला घर लागून असलेल्या शोभाकाकूंनी त्यांच्या वैष्णवीच्या पर्समध्ये कांदा कोंबला आणि कुंपणावरून तुला हाक मारली.

"बाई, पाणी भरून ठेवा. लाट येऊन राह्यली म्हणे."

"शोभा, ते त रोजच येऊन राह्यली. मे महिना हाय."

हे असंच हसण्यावारी गेलं असतं. पण वरवट बकालहून काकूंच्या भावाचा फोन आला. काकूंचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे तो साऱ्या गल्लीने ऐकला. "अवं शोभे, उन्हाची नाही! समुद्राची! उल्का समुद्रात पडन, आन् डोंगराएवढी लाट उठन. तुही पोट्टी कोठी चालली?"

पोट्टी रत्नागिरीला चालली होती. नर्सिंग झालेली वैष्णवी, घरातली पहिली कमावती मुलगी, तिकडच्या एका दवाखान्यात रुजू व्हायची होती. बॅग भरून कोपऱ्यात उभी होती. काकूंनी तिच्यातले कपडे काढून पुन्हा कपाटात लावायला घेतले. काकांनी 'तू म्हणशील तसं' म्हणून हात वर केले.

त्या दिवशी मी बुलढाण्याहून तुझ्याकडे आले होते आणि ऐकून पेटलेच. आजही पेटते. ग्रहण लागलं, बाईने घरात बसावं. उल्का पडणार, पोरीने घरी परत यावं. आपल्याकडे आकाशातून काहीही पडो, ते शेवटी पोरीच्याच वाटेवर येऊन पडतं. संदेश पुढे ढकलणाऱ्याचं एक बोट खर्च होतं, आणि इथे एका मुलीची भरलेली बॅग रिकामी होते. हे मी तुला तावातावाने सांगत होते, तेव्हा तू शांतपणे परात शोधत होतीस.

ती दुपार मला सगळ्यात जास्त आठवते, आत्या. तू काकूंना आणि वैष्णवीला बोलावलंस, ओसरीवर परात ठेवलीस, पाणी ओतलंस. काकू आल्या त्या तोंड पाडून.

"बाई, तुमी सांगा. लाट येईन का नाही?"

"ते मंग पाहू. पह्यले मले सांग, दगड केवढा हाय?"

"मोठा."

"मोठा म्हंजे केवढा?"

"लोणारएवढा!"

तू माझ्याकडे पाहून डोळे मिचकावलेस. आपल्या बाजूला आकाशातल्या दगडाचं माप हेच. लोणार शेजारच्याच तालुक्यात. उल्का पडून झालेला तो गोल, प्रचंड खड्डा आणि त्याच्या तळाशी खारं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं. खड्डा एवढा, म्हणजे दगड एवढा. मी पाचवीत असताना तू आम्हाला त्या काठावर नेलं होतंस आणि विचारलं होतंस, दगड केवढा होता? आम्ही सगळ्यांनी हात ताणून अख्खं सरोवर दाखवलं. मग एका मुलीने विचारलं, "बाई, एवढा दगड होता त निघून कोठी गेला?" तू याच प्रश्नाची वाट बघत होतीस. "सुरुंगाची कांडी केवढी असते?" तू म्हणालीस. "आन् विहिरीतला खडक केवढा उडवते?" वेगाने आलेला दगड नुसता रुतत नाही, तो फुटतो, आणि खालचा खडक उडवून स्वतःच्या कितीतरी पट मोठा खड्डा पाडतो. लोणारचा दगड त्या खड्ड्यापुढे अगदी किरकोळ होता.

तेव्हा मी विचारलं होतं, "आत्या, हाच दगड समुद्रात पडला असता तर?"

"ते तू मोठी झाली की मले सांगजो," तू म्हणाली होतीस. मी विसरले नव्हते. तूही नव्हतीस.

तर ओसरीवरची परात. तू चिंचोका उचललास आणि उंचावरून पाण्यात सोडलास. डुबुक. चार वर्तुळं निघाली, काठापर्यंत जाता जाता दमून सपाट झाली. "हे तुही उल्का," तू काकूंना म्हणालीस. "बारके दगड त हवेतच जळून जातेत. जे उरते ते असं पडते. पाणी वर उडते, वाफ होते, जे लाटा उठतेत ते आखूड असतेत, लांब जाता जाता मोडून जातेत." मग तू परातीचा एक काठ धरून खालून झटक्यात उचललास. सगळं पाणी एका दमात पलीकडे गेलं आणि काकूंच्या पायांवर सांडलं. "आन् हा भूकंप. याच्यात समुद्राचा तळच उचलला जाते, म्हणून वरपासून खालपर्यंत सारं पाणी हालते. खरी लांब जाणारी लाट बहुतेक अशी येते."

काकू ओल्या पायांकडे बघत राहिल्या. चेहरा सैल झाला होता. वैष्णवी आईच्या मागे उभी राहून मला अंगठा दाखवत होती. आपण जिंकलो होतो, आत्या. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "आन् चिंचोक्याच्या जागी मोठं काही टाकलं त?"

तू खूश झालीस. इतकी खूश, की मला पुढचं दिसायला हवं होतं. "शोभा, तू माह्या वर्गात काऊन नव्हती वं?" म्हणालीस, आत गेलीस, खलातला लोखंडी बत्ता आणलास आणि सोडलास परातीत. पाणी चहूबाजूंनी उडालं. माझी ओढणी भिजली, वैष्णवीच्या तोंडावर सपकारा बसला, परातीला पोचा आला. अर्धं पाणी ओसरीवर.

"हे बी होते," तू म्हणालीस. "लपवून ठेवायचं नाही."

काकूंचा चेहरा पुन्हा पडला. "म्हंजे येऊ शकते," म्हणाल्या, आणि वैष्णवीचा दंड धरून निघूनही गेल्या.

मी तुझ्यावर केवढी ओरडले! आत्या, तू त्या पोरीला घरी बसवलंस, जिंकलेली बाजी बत्त्याने फोडलीस. तू पदराने परात पुसत होतीस. "अवं, बत्त्याएवढा दगड पडला त डोणगाव तरी राहीन का, हे मी सांगणारच होती. ते थांबलीच नाही."

"लोक थांबत नाहीत, आत्या. म्हणून तर पत्रक ठाम असावं लागतं."

"मंग लिही. पण खरं लिही."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी बुलढाण्याला परतले आणि मजकूर केला: 'उल्का समुद्रात पडून लाट येत नाही. भिऊ नका!' तू फोनवर ऐकलंस आणि म्हणालीस, खोटं आहे. डायनासोर संपले तेव्हाचा दगड समुद्राच्या उथळ काठाशी पडला होता, आणि तेव्हा उठलेल्या लाटांच्या खुणा खडकांत सापडल्या आहेत. "लिही: लहान दगडानं मोठी लाट येत नाही, पण फार मोठ्या दगडानं येऊ शकते."

मी म्हटलं, 'पण' आला की वाचणाऱ्याच्या डोक्यात फक्त पुढचं राहतं. बत्ता राहतो, चिंचोका विसरला जातो.

तू म्हणालीस, "'पण' नसलेलं पत्रक म्हंजे साबणाची जाहिरात."

मी म्हटलं, समोरचा खोटं बोलायला घाबरत नाही, आपण खरं बोलायला किती वेळा चाचरायचं?

तू म्हणालीस, "चाचरून नाही राह्यली मी. माप सांगून राह्यली."

असे किती फोन झाले, मी मोजले नाहीत. तू दरवेळी नवीन बाजूने यायचीस. एकदा म्हणालीस, "तू 'लाट कधीच येत नाही' असं छापशील. पोट्टी तिकडं जाईन. उद्या जमीन हालली, समुद्र मागं सरला, त ते तुह्यं पत्रक आठवून किनाऱ्यावर उभी राहीन. मंग?" मी लगेच विषय बदलला आणि अक्षराच्या आकारावरून भांडले. तुला ते कळलं आणि तू जोरात हसलीस. तुझं ते हसणं फोनवर खरखरायचं.

शेवटच्या फोनवर तू मला पहिल्यांदाच बरोबर म्हणालीस. "मुक्ते, ऐक. तुह्यं म्हणणं बरोबर हाय, पण," आणि रेंज गेली. तुझ्या घरात माजघराच्या दारापलीकडे रेंज नसते, हे सगळ्यांना माहीत. तू बोलता बोलता आत गेली असशील. मी पुन्हा लावला नाही. सकाळी बोलू म्हटलं, सकाळी तुझा आवाज चांगला असतो.

सकाळी फोन शोभाकाकूंचा आला. तू चहा ठेवायला उठली होतीस, आणि ओट्यापाशीच खाली बसलीस. तेवढंच. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं.

लोक माणसाचे शेवटचे शब्द जपून ठेवतात. माझ्यापाशी 'पण' आहे. सुरुवातीचे काही दिवस मी त्याच्यापुढे वेगवेगळी वाक्यं लावून पाहिली. तुझं म्हणणं बरोबर आहे, पण तू घाई करतेस. पण तू लोकांना कमी समजतेस. पण मला भूक लागली आहे, उद्या बोलू. तुझ्या बाबतीत शेवटचंही शक्य आहे. एकदा मनात आलं, वाक्य पुढे नव्हतंच. तू फक्त त्या शब्दाची आठवण करून देत होतीस. 'पण' लिही. मी रडले ते त्या शब्दावर. तू गेलीस हे मला तोवर नीट पटलं नव्हतं.

मग शोभाकाकू आल्या. तुझ्या ओसरीवर लोक भेटायला येऊन जात होते. सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. पोचा आलेली परात भिंतीला टेकून उभी होती. काकू तिच्याकडे बघत म्हणाल्या, "दवाखान्यातून पोट्टीले फोन आला. येतं का नाही म्हणून इचारून राह्यले. आता बाई नाहीत. तू सांग मुक्ता. लाट येईन का नाही?"

आत्या, एक शब्द पुरला असता. त्या दिवशी त्यांनी माझं काहीही ऐकलं असतं. तुझ्या घरात, तुझ्या माणसाने सांगितलेलं. 'नाही' म्हटलं असतं, की बॅग भरली गेली असती. दाराच्या चौकटीत वैष्णवी उभी होती, आणि तिचे डोळे मला तेच म्हणत होते: ताई, नाही म्हण.

मी म्हटलं, "येऊ शकते, काकू."

वैष्णवीने डोळे मिटले.

"डोंगराएवढा दगड पडला तर डोंगराएवढी लाट येईल. पण तेवढा दगड पडला तर डोणगावही उरत नाही. साऱ्या जगावर अंधार पसरतो. मग पोरगी रत्नागिरीला असो की तुमच्या ओसरीवर, काही फरक नाही. तसा दगड माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी पडला होता. लोणारसारखा दगड समुद्रात पडला, तर जवळच्या किनाऱ्याला तडाखा बसू शकतो. पण लांब पडला तर त्याची लाट येता येता विरते. त्याहून लहान दगड रोज येतात आणि वरच जळतात. तुम्ही त्यांना तारा तुटला म्हणता."

या वेळी काकू उठून गेल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आन् आजवर असा दगड खरंच पडला कोठी? म्हंजे, पाहाले जाता येईन असा?"

"लोणारात."

"आपल्याच बाजूले?"

"आपल्याच बाजूला."

"आन् रत्नागिरीत?"

"तिथे तसा खड्डा असल्याचं कोणी सांगितलेलं नाही."

काकूंच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "माय वं," त्या म्हणाल्या, "मंग दगडाचं भेव इथंच जास्त हाय की! पोट्टी तिकडंच बरी." आणि त्या हसल्या, तुझ्या ओसरीवर, तुझ्या दुखवट्यात, पदर तोंडाला लावून. वैष्णवी हसली, मी हसले. रस्त्यावरून जाणाऱ्याने चमकून पाहिलं असेल. पाहू दे.

तिथेच त्यांनी भावाला फोन लावला. पलीकडून तो पुन्हा डोंगराएवढी लाट सांगायला लागला. काकूंनी त्याला मध्येच तोडलं. "भाऊ, ते राहू दे. दगड केवढा हाय ते सांग पह्यले." तो म्हणाला, मोठा. "नाही माहीत ना? मंग मालूम करून फोन करजो." आणि फोन ठेवून दिला. मला वाटलं, तू माजघरातून बाहेर येऊन शाबासकी देशील.

पत्रक छापून झालं. पोपटी कागदावर. मजकूर असा आहे: 'उल्का समुद्रात पडून मोठी लाट येऊ शकते, पण त्यासाठी दगड फार मोठा लागतो, आणि असा दगड येणं फार दुर्मीळ. संदेश आला तर आधी विचारा: दगड केवढा? कुठे पडणार? हे सांगितलं कोणी? किनाऱ्यावर असाल आणि जमीन बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक मागे सरला, तर कोणाला न विचारता उंचावर जा. एरवी आपल्या कामाला जा.'

उद्गारचिन्ह नाही. बघ.

आणि तुझा 'पण' आहे. पण जागा माझी आहे. तुझ्या वाक्यात तो चिंचोक्यानंतर यायचा आणि बत्त्यावर संपायचा. मी बत्ता आधी टाकला, मग 'पण', मग शांत पाणी. माप तेच, खरं तेवढंच, आणि वाचणारा उठतो तो कामाला जायला उठतो. या मुद्द्यावर मी जिंकले आहे, आत्या, आणि तू हरलेली नाहीस. हे कसं शक्य आहे असं तू विचारशील. मला माहीत नाही. तुझ्याशी भांडताना मला हे सुचलं नव्हतं. तू अर्ध्यावर गेलीस, मग दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागल्या, तेव्हा सुचलं.

त्यासाठी तुझे आभार मानायला हवेत, आणि मी मानते. तू मला मतं दिली नाहीस. मतं तर पत्रकातही मिळतात. तू मला मोजायला शिकवलंस, आणि मोजल्यानंतरही ठाम राहता येतं हे दाखवलंस. आज कोणी म्हणालं, सगळं बुडणार आहे, तर मी विचारते केवढं. कोणी म्हणालं, काही होत नाही, तरीही विचारते. दोन्ही बाजूंचे लोक वैतागतात. वैतागू दे.

वैष्णवी गेली. बॅगेत तिच्या आईने कांदा ठेवलाच, आणि सोबत आपलं पत्रक, घडी करून.

काल संध्याकाळी तिचा फोन आला. मागे कसला तरी मोठा, एकसारखा आवाज होता. मला वाटलं लाइनच खराब आहे. "ताई, समुद्र हाय तो," ती म्हणाली. ड्यूटी संपवून मैत्रिणींबरोबर गेली होती, पहिल्यांदाच. "बाईंच्या नावानं एक दगड टाकला मी."

"मग?"

"मंग काय, डुबुक. बुडाला पाण्यात. मोठी लाट आली मागून, मी त पळालीच. मंग समजलं, ते त समुद्राचीच होती, रोजची." ती हसत होती, धापाही टाकत होती.

मी काही ठरवून बोलले नाही, आत्या. तोंडातून आपोआप निघालं.

"दगड केवढा होता?"